आधी कागद, मग कॅमेरा

गेल्या वर्षी हाउसांच्या लघुपट स्पर्धेत आमचा थ्रिलर सुरू झाला आणि चाळिसाव्या सेकंदाला सगळा हॉल हसू लागला. विषय सर्व हाउसना एकच होता : थ्रिलर चित्रपटाची पहिली दोन मिनिटे. पुढची गोष्ट दाखवायची नाही, फक्त सुरुवात. आमच्या त्या दोन मिनिटांत काय नव्हते? ओला पालापाचोळा जाळून केलेला धूर होता. काळी टोपी डोळ्यांवर ओढून घेतलेला माणूस होता. टोमॅटो सॉसचे रक्त होते. उघडझाप करणारा टॉर्च होता. दर सेकंदाला बदलणारे शॉट होते, आणि एक मोठा सुरा होता. हसू फुटले ते या सुऱ्यावर. मेसमध्ये रोज भाजी चिरणारा तो सुरा. त्याच्या मुठीवर पांढऱ्या रंगाने घातलेला मेसचा नंबर पडद्यावर हातभर मोठा दिसत होता. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडले, "आज फिर गोभी!" आणि आमचा खुनी तिथेच मेला.

आमचा शेवटचा नंबर आला. आम्ही कॅमेऱ्याला दोष दिला, वेळेला दिला, परीक्षकांनाही दिला. कॅमेरा जुना आहे हे खरे. तो सगळ्या हाउसना मिळून एकच आहे आणि प्रत्येकाच्या वाट्याला रविवारच्या इन्स्पेक्शननंतरचे दोन तास येतात हेही खरे. पण पहिल्या आलेल्या हाउसलाही तोच कॅमेरा आणि तेवढेच दोन तास मिळाले होते. आता वर्षभराने मला वाटते की चूक कॅमेरा हातात घेण्याच्या आधीच झाली होती. त्या रविवारी आम्ही शूटिंगला गेलो तेव्हा आमच्याकडे वस्तू पुष्कळ होत्या, पण कोणती वस्तू का दाखवायची याचा एकानेही विचार केला नव्हता.

म्हणून माझे मत सरळ मांडतो. थ्रिलरच्या सुरुवातीला प्रेक्षकाला काय काय दिसणार हे आधी कागदावर ठरले पाहिजे, आणि त्या ठरवण्यातले निम्म्याहून जास्त काम खोडण्याचे असते. आपल्या स्पर्धेत या कामाला एकही गुण नाही. तो असायला हवा.

सुरुवातीच्या दोन मिनिटांकडून इतकी अपेक्षा का, असे कोणी विचारेल. आमच्या फिल्म क्लबच्या सरांनी एका शनिवारी आम्हाला काही चित्रपटांची फक्त सुरुवात दाखवली. प्रत्येक वेळी पाच-सात मिनिटे झाली की सर बंद करत आणि विचारत, "आता तुमच्या मनात कोणता प्रश्न आहे? एकाच वाक्यात सांगा." ज्या चित्रपटाबद्दल सगळ्यांचे उत्तर एकच यायचे, ती सुरुवात चांगली. हे माप मला फार आवडले. त्या मापाने आमच्या सुऱ्याच्या चित्रपटाबद्दल विचारले असते तर दहा जणांनी दहा प्रश्न सांगितले असते, आणि अकराव्याने विचारले असते की जेवायला काय आहे.

त्या शनिवारी पाहिलेल्यांत माझ्या डोक्यातून न जाणारी सुरुवात फ्रिट्झ लांग यांच्या 'एम' या जर्मन चित्रपटाची आहे. चित्रपट 1931 सालचा, म्हणजे माझ्या पणजोबांच्या काळातला. काळा-पांढरा. एका वाड्याच्या चौकात मुले गोल करून खेळत असतात. वर एक आई कपडे धुते आहे. मुलगी शाळेतून यायची वेळ झाली म्हणून ती ताट मांडते. तिकडे रस्त्यावर ती मुलगी चेंडू आपटत येते. एका खांबावर खुन्याला पकडून देणाऱ्यासाठी बक्षिसाची जाहिरात चिकटवलेली आहे आणि ती नेमकी त्याच जाहिरातीवर चेंडू मारते. त्या जाहिरातीवर एका माणसाची सावली पडते. तो तिला फुगा घेऊन देतो. मग आई हाका मारते. आपल्याला रिकामा जिना दिसतो, वाळत घातलेले कपडे आणि रिकामा माळा दिसतो, टेबलावरचे न वापरलेले ताट दिसते. शेवटी झुडपातून चेंडू घरंगळत बाहेर येतो आणि थांबतो. फुगा तारांमध्ये अडकतो. बस्स.

त्या सगळ्यात रक्ताचा एक थेंब नाही, हत्यार नाही, धूर नाही. खुन्याचा चेहराही आपल्याला नीट दिसत नाही. चेंडू, फुगा, ताट आणि सावली एवढ्या चारच गोष्टी लक्षात राहतात, आणि पहिल्या तिन्ही कोणाच्याही घरात असतात. हॉलमध्ये त्या दिवशी कोणीही हसले नाही. मला तर ताट पाहून आईची आठवण झाली, कारण सुट्टीत मी मैदानावरून उशिरा आलो की माझेही ताट असेच झाकून ठेवलेले असते.

हिचकॉकच्या 'सायको'ची (1960) सुरुवात वेगळी आहे. शहर दिसते, पडद्यावर शहराचे नाव येते, मग वार आणि तारीख, मग वेळ : दुपारचे दोन वाजून त्रेचाळीस मिनिटे. कॅमेरा असंख्य खिडक्यांमधून एकच खिडकी निवडतो आणि अर्धवट ओढलेल्या पडद्याखालून आत शिरतो. (त्यानंतर सरांनी लगेच बंद केला.) आम्हा कॅडेटना वेळ इतकी नेमकी सांगण्याची सवय असते, पण चित्रपटात ती नेमकी वेळ वाचून उगाच पोटात खड्डा पडला. अडीच का नाही? दोन त्रेचाळीसलाच काय होणार आहे? कसलाही खर्च नाही, पडद्यावर फक्त अक्षरे. ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ ईव्हिल'मध्ये (1958) तर सुरुवातीलाच एकजण गाडीच्या डिकीत बॉम्ब ठेवतो, आणि मग तीन मिनिटांहून जास्त वेळ एकाच न तुटणाऱ्या शॉटमध्ये ती गाडी गर्दीच्या रस्त्यातून जात राहते. गाडीतल्या माणसांना काही माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर श्रीराम राघवन यांचा 'अंधाधुन' (2018). चित्रपट पुण्यात घडतो, पण सुरू होतो तो कोबीच्या शेतात, एक ससा आणि त्याच्या मागे बंदूक घेतलेला माणूस यांच्यापासून. या सशाचा पुढच्या गोष्टीशी काय संबंध, हा प्रश्न शेवटपर्यंत आपल्याबरोबर राहतो. कोबी तिथेही आहे हे आमच्या हाउसने विशेष लक्षात घेतले.

हे सगळे मोठे लोक. त्यांचे पाहून आपण काय करावे? इथे मला आपल्याच एका तासाची मदत झाली, आणि हा भाग मी कॅडेट मित्रांसाठी जरा सविस्तर लिहितो.

एनसीसीच्या फील्डक्राफ्टच्या तासाला 'वस्तू का दिसतात' हा धडा आपण सगळ्यांनी केला आहे. आकार, सावली, चमक, आकाशापुढे उठून दिसणारी आकृती, पृष्ठभाग, अंतर आणि हालचाल. या सात गोष्टींमुळे जवान शत्रूच्या नजरेत येतो, म्हणून त्या लपवायला शिकायचे. उस्ताद आम्हाला झुडपांत लपायला लावायचे आणि मग लांबून एकेकाचे नाव घेऊन उठवायचे : तुझे बक्कल चमकले, तू मान हलवलीस, तू टेकाडाच्या माथ्यावर बसलास. यंदा स्पर्धेचा विषय पुन्हा तोच आहे असे कळले, तेव्हा मला वाटले की हा धडा उलटा वाचला तर तो कॅमेऱ्याचा धडा आहे. शत्रूला जे दिसू द्यायचे नाही, तेच प्रेक्षकाला नेमक्या वेळी दिसू द्यायचे.

अंतराचे उदाहरण घ्या. निसर्गात वस्तू सारख्या अंतरावर नसतात, म्हणून सारख्या अंतरावर चालणारी माणसे लांबूनही ओळखू येतात. आपल्या डॉर्ममध्ये उलटे आहे. तिथे सगळेच सारख्या अंतरावर असते : कॉट, लॉकर, बूट. म्हणून तिथे एक जागा रिकामी राहिली की डोळा आपोआप तिथे जातो. हालचालीचे तसेच. सगळी चौकट हलत असेल, जशी आमची गेल्या वर्षी हलत होती, तर काहीच दिसत नाही. सगळे स्थिर ठेवा आणि एका मच्छरदाणीची कड हलवा. हॉलमधली सगळी माणसे त्या कडेकडे पाहतील. चमक म्हणजे पॉलिश केलेल्या बुटाच्या टोकावर पडलेला टॉर्चचा ठिपका. आकृती म्हणजे दारात उभा राहिलेला माणूस, मागे व्हरांड्याचा उजेड, चेहरा काळा. पृष्ठभाग म्हणजे चापून-चोपून ओढलेले ब्लँकेट आणि त्यावर पडलेली एकच चुणी. हे सगळे आपल्या डॉर्ममध्ये रोज रात्री हजर असते. त्यासाठी मेसमधून काही चोरून आणावे लागत नाही.

मग आम्ही गणिताच्या चौकटीच्या वहीत चित्रे काढायला बसलो. पहिल्या दिवशी एकतीस चित्रे झाली. त्यांत एक विहीर होती, एक सापही होता. प्रत्येक चित्राला सरांचा तोच प्रश्न विचारला : याने प्रेक्षकाच्या मनातला तो एक प्रश्न पुढे जातो का? नसेल तर खोडा. खोडताना भांडणे झाली. विहीर ज्याची होती तो दोन दिवस बोलला नाही. शेवटी नऊ चित्रे उरली.

गोष्ट अशी. रात्री लाइट्स आउटनंतर दुसऱ्या डॉर्मचा एक सीनियर कॅडेट ड्यूटीवर आहे. तो टॉर्च आणि रजिस्टर घेऊन ज्युनियर डॉर्ममध्ये मोजणीसाठी येतो. रजिस्टरमध्ये लिहिले आहे : एकूण 24, हजर 23, एमआय रूम 1. तो कॉटखालच्या बुटांच्या रांगेवरून टॉर्च फिरवतो. तेवीस जोड्या. एका कॉटखाली जागा रिकामी. बरोबर आहे, आजारी मुलगा बूट घालून गेला आहे. मग तो मच्छरदाण्यांमधून झोपलेली डोकी मोजतो. चोवीस. तो पुन्हा मोजतो. चोवीस. टॉर्च हळूहळू त्या रिकाम्या जागेच्या वरच्या कॉटकडे जातो. ब्लँकेट डोक्यावरून घेऊन कोणीतरी झोपले आहे. मच्छरदाणीची कड गादीखालून सुटलेली आहे आणि हलते आहे. पडदा काळा. चित्रपटाचे नाव म्हणून फक्त आकडा येतो : 24.

आता याचे दृश्य नियोजन किती बारीक करावे लागले ते सांगतो, कारण 'कागदावर ठरवा' असे म्हणणे सोपे आहे.

पहिली गोष्ट रजिस्टरची. सगळी गोष्ट त्या एका ओळीवर उभी आहे. प्रेक्षकाने ती वाचली नाही तर पुढचे सगळे फुकट. म्हणून ती ओळ मोठ्या, स्वच्छ अक्षरात लिहायची, ड्यूटी कॅडेटचे बोट तिच्याखालून फिरवायचे आणि एकाला ती मनातल्या मनात दोनदा वाचायला जितका वेळ लागेल तितका वेळ शॉट धरायचा. आम्ही घड्याळ लावून मोजले. सहा सेकंद लागले. गेल्या वर्षी आमचा एकही शॉट दोन सेकंदांच्या पुढे गेला नव्हता.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याच्या जागेची. डॉर्ममध्ये समोरासमोर दोन रांगा आणि मधे वाट. कॅमेरा कधी दाराच्या बाजूने तर कधी टोकाच्या खिडकीच्या बाजूने लावला, तर डावी रांग उजवी होते आणि मोजणाऱ्या प्रेक्षकाचा गोंधळ उडतो. म्हणून नकाशा वाचनाच्या तासाला काढतो तसा डॉर्मचा वरून दिसणारा नकाशा काढला, मधे एक रेघ मारली आणि ठरवले की कॅमेरा या रेघेच्या पलीकडे जाणार नाही. उंचीही ठरवली. बुटांचे शॉट जमिनीवरून, डोकी मोजण्याचे शॉट ड्यूटी कॅडेटच्या छातीच्या उंचीवरून, आणि शेवटचा शॉट झोपलेल्या मुलाच्या उशीच्या उंचीवरून. म्हणजे शेवटी प्रेक्षक शेजारच्या कॉटवर झोपलेला असतो. हा एक निर्णय मला अजूनही सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याला एक पैसाही पडला नाही.

तिसरी गोष्ट उजेडाची. आम्हाला दुपारी रात्र करायची होती. खिडक्यांना ब्लँकेट लावली. व्हरांड्यातली एक ट्यूबलाइट तेवढी झरोक्यातून आत येऊ दिली. पण आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची असते आणि जुन्या ट्यूबलाइटचा उजेड तिच्याबरोबर सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. शटरचा वेग चुकीचा ठेवला की चित्रात पट्टे सरकतात. आम्ही पंचवीस फ्रेम आणि शटर एक पन्नासांश असे ठेवले आणि पट्टे गेले. एक्स्पोजर आणि रंगाचे सेटिंग हाताने कायम केले, नाहीतर टॉर्च फिरला की कॅमेरा आपली अक्कल चालवून सगळी खोली उजळवतो. टॉर्चच्या काचेवर ट्रेसिंग पेपर लावला, कारण नुसता टॉर्च पांढऱ्या मच्छरदाणीवर पडला की डोळे दिपतात आणि आतले डोके दिसतच नाही.

चौथी गोष्ट रंगाची. डॉर्ममध्ये मच्छरदाण्या पांढऱ्या, ब्लँकेट करडी आणि बूट काळे. आम्ही ठरवले की चौथा रंग कुठेही येणार नाही. लॉकरवरची स्टिकरे झाकली, लाल बादली बाहेर ठेवली, कोणाचा तरी हिरवा टॉवेल काढला. लाल रंग फक्त एका ठिकाणी ठेवला : रजिस्टरमधल्या '1' या आकड्याखालची लाल पेनाची रेघ.

माझा एक मित्र म्हणतो की इतके सगळे आधीच ठरवले तर मजाच जाते. चांगले शॉट अचानक मिळतात. त्याचे अर्धे म्हणणे मला पटते. आमचाही उत्तम क्षण अचानकच मिळाला. दुसऱ्या मोजणीच्या वेळी टॉर्चची बॅटरी उतरत आली आणि सतराव्या डोक्यावर उजेड पिवळा पडून थरथरला. पण तो क्षण ठेवण्यासारखा आहे हे आम्हाला ताबडतोब कळले, कारण तिथे काय दिसायला हवे ते आम्हाला पाठ होते. गेल्या वर्षी असे दहा अपघात झाले असतील. एकही ओळखू आला नाही. 'जॉज'च्या (1975) वेळी स्पीलबर्ग यांचा यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून तो कमी दाखवावा लागला आणि त्यामुळेच चित्रपट जास्त भीतिदायक झाला, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. पण शार्क न दाखवता काय दाखवायचे, हे कोणीतरी बसून ठरवलेच ना? आपल्या शाळेत तर हे वेगळे शिकवायलाही नको. वाळूचे मॉडेल बनवून, रेकी करून, मग पाऊल टाकायचे हे आपण पहिल्या वर्षापासून ऐकतो. मैदानावर ऐकतो आणि कॅमेरा हातात आला की विसरतो.

आता निकाल. स्पर्धेच्या दिवशी दुसरी मोजणी सुरू झाली तेव्हा हॉलमध्ये लोक ओठ हलवून मोजत होते. शेवटच्या शॉटला कोणी ओरडले नाही, मागून कोणी भाजीचे नावही घेतले नाही. आमचा दुसरा नंबर आला. मला तो योग्य वाटला. पण गुणपत्रिका पाहिली : अभिनय, संकलन, संगीत, एकूण परिणाम. आम्ही ज्या वहीवर तीन आठवडे घालवले ती कोणी मागितलीच नाही.

इथे लेख संपला असता. पण खरी गोष्ट त्याच रात्री घडली आणि तिच्यामुळे माझे मत थोडे बदलले.

रात्री साडेअकराला मी पाणी प्यायला उठलो तेव्हा ज्युनियर डॉर्मच्या दारात सहावीतला एक मुलगा बसलेला दिसला. आमच्याकडे मराठी मुले मोजकीच आहेत, त्यांतला हा एक. शाळेत आलेल्याला चार महिनेही झाले नव्हते. नियमाप्रमाणे तो मला 'सर' म्हणतो. मला पाहून तो उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "दादा, मी बूट मोजत होतो."

मी विचारले, "मग? बरोबर आहेत ना?"

"बरोबर आहेत. डोकीपण बरोबर आहेत. पण मोजून झाल्यावर कोणी आलं तर?"

मला काय बोलावे ते सुचेना. आम्ही ठरवले होते की भीती त्यांच्याच डॉर्ममधल्या, त्यांच्याच कॉटवरून, त्यांच्याच उशीच्या उंचीवरून यायला हवी. आमचे नियोजन शंभर टक्के यशस्वी झाले होते. आम्हाला चित्रपट संपल्यावर मेसमध्ये जायचे होते. त्याला त्याच डॉर्ममध्ये झोपायला जायचे होते. आणि आम्ही फक्त सुरुवात केली होती. चित्रपटाला शेवट असतो, त्यात खुनी पकडला जातो, दिवा लागतो. आमच्या दोन मिनिटांना शेवटच नव्हता. एकतीस चित्रे काढताना आणि बावीस खोडताना आम्ही प्रेक्षकाच्या डोळ्यांचा विचार केला, पण कोणता प्रेक्षक त्या रात्री कुठे झोपणार याचा केला नाही. मोठ्या माणसांना घाबरवणे आणि आईपासून पहिल्यांदाच लांब आलेल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाला घाबरवणे यांत फरक आहे, हे मला कळायला हवे होते. सहावीत मीही असाच होतो.

मी हाउस मास्टर सरांना उठवले आणि सगळे सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. ते फक्त म्हणाले, "तुम्हारी वो कॉपी कहाँ है? ले आओ।"

मी वही आणली. आम्ही तिघे व्हरांड्यातल्या त्याच ट्यूबलाइटखाली बसलो आणि मी त्या मुलाला एकेक पान दाखवले. हा नकाशा, ही रेघ, कॅमेरा इथे होता. हा झोपलेला चोविसावा म्हणजे मीच आणि ब्लँकेटखाली मला इतके उकडत होते की शॉट संपल्यावर मी अर्धी बाटली पाणी प्यायलो. मच्छरदाणीची कड हलते आहे ना, ती आम्ही दोऱ्याने ओढत होतो. खोडलेला साप पाहून तो पहिल्यांदा हसला. मग त्याने बुटांचे चित्र बराच वेळ पाहिले, बोट ठेवून मोजले आणि म्हणाला, "दादा, इथे तर तुम्ही बावीसच काढलेत."

खरेच बावीस होते. आमच्यापैकी एकाने कंटाळून एक जोडी गाळली होती आणि तीन आठवड्यांत कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

तेव्हा मला समजले की ज्या कागदाने भीती तयार केली, त्याच कागदाने ती उतरवताही येते. म्हणून स्पर्धेच्या संयोजकांना आणि शिक्षकांना माझ्या तीन विनंत्या आहेत. एक, पुढच्या वर्षी प्रत्येक हाउसने लघुपटाबरोबर चित्रांची वही आणि नकाशाही द्यावा आणि त्याला वेगळे गुण असावेत. दोन, वहीत एक पान सक्तीचे असावे : 'हे कोण पाहणार आहे आणि पाहून झाल्यावर तो कुठे जाणार आहे?' त्या पानावर एखाद्या शिक्षकांची सही असावी. तीन, चित्रपट दाखवून झाला की त्याच स्टेजवर हाउसने पाच मिनिटे वही उघडून दाखवावी, म्हणजे ज्युनियरना दोरा कुठे होता ते कळेल. काही पालक म्हणतील की त्यापेक्षा थ्रिलर हा विषयच नको. मला तसे वाटत नाही. 'एम'मधले ते रिकामे ताट पाहिल्यानंतरच्या रविवारी मी घरी फोन केला तेव्हा आईशी नेहमीपेक्षा जास्त वेळ बोललो. नीट विचार करून दाखवलेली भीती माणसाला आपल्या माणसांची किंमत शिकवते. विचार न करता दाखवलेली भीती एकतर हसू आणते, नाहीतर कोणाची तरी झोप घालवते. आम्ही एका वर्षाच्या अंतराने दोन्ही करून पाहिले.

त्या रात्री वही मिटताना त्या मुलाने विचारले की पुढच्या वर्षी टॉर्च कोण धरणार आहे. मी म्हटले, अजून ठरलेले नाही. हाउस मास्टर सरांनी खिशातले पेन काढून मला दिले. वहीच्या कोऱ्या पानावर मी 'टॉर्च' असे लिहिले आणि त्याच्यापुढे त्याचा हाउस नंबर लिहिला. मग त्याने ते पेन माझ्या हातातून घेतले, मागे पाने उलटली आणि बुटांच्या रांगेत तेविसावी जोडी काढली.